विकायच्या घराची निळी भिंत

म्हातारी भिंतीपासून उठली आणि तिची सगळी पाठ निळी झाली होती.

लुगडं फिक्या रंगाचं, त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत निळं. अंबाडा निळा, कोपर निळं. घर बघायला आलेला तिचा मुलगा ओरडला, "आये, हलू नको!" सून सासूची पाठ पुसायला गेली, तर तिचा पदरही निळा झाला. त्याच वेळी खाटेवर बसलेल्या माझ्या नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. ती आली की लवकर थांबत नसे, ओठ काळे पडत. मी एका हातानं त्याची पाठ चोळत होते आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा तांब्या शोधत होते. ती माणसं दाराकडे सरकली. गिऱ्हाईक गेलं, असं मी धरून चालले.

घर अंबरनाथच्या बुवापाड्यातलं, दीड खोलीचं, वर पत्रा. नवरा जन्मभर कारखान्यात रसायनांच्या पिंपांपाशी राबला आणि छाती खराब करून घरी बसला. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना या धुरातून हलवा." म्हणायला काय जातं? मी उल्हासनगरला एका शेठकडे जीन्सचे धागे तोडायला जात होते. दिवसभर मान खाली. मुलगी सासरी, तिचं तिला पुरे. नवरा घरात एकटा. शेजारीण मधूनमधून डोकावायची, पण उबळ काही तिला विचारून येत नव्हती. गल्लीत एकदोघांकडे मोबाईल आले होते. आमच्याकडे नव्हता.

मग मला बदलापूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. तिथल्या बाईंनी सांगितलं, मागच्याच गल्लीत एक खोली विकाऊ आहे. खोलीचा मालक आमच्यासाठी महिनाभर थांबायला तयार झाला. महिन्यात बुवापाड्याचं घर विकलं गेलं, तर नवरा माझ्या हाकेवर राहणार होता. नाही तर तो अंबरनाथला आणि मी पहाटेपासून बदलापूरला. मग मी घरी आले की तो कसा सापडेल, याचा विचार मी करत नसे. करून उपयोग नव्हता.

शेठला सांगितलं, तर तो म्हणाला, "मौसी, बीच लॉट में छोड के जाएगी? इन औरतों को कौन संभालेगा?"

"मेरे मरद को कौन संभालेगा?" मी विचारलं.

"लॉट निकल जाने दे, फिर जा ना."

हातातला लॉट, म्हणजे घेतलेला माल, निघेपर्यंत मी थांबले. शेठसाठी नाही. मी गेले असते तर माझ्या वाटची कापडं शेजारी बसणाऱ्या बायकांच्या मांडीवर पडली असती. म्हणून सकाळचा स्वयंपाक बदलापूरला, दुपारचे धागे उल्हासनगरला आणि संध्याकाळी घर. घर दाखवायचं म्हणजे आवरायला हवं. दलाल दारातूनच म्हणाला होता, "मावशी, जरा रंगरूप द्या. असल्या काळ्या भिंती बघून कोण घेणार?"

चुना मारणं आम्हाला नवं नव्हतं. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी आमची सगळी गल्ली चुना मारायची. शेजारणीची सासू मोठ्या पातेल्यात गल्लीचा डिंक शिजवायची आणि ज्यानं त्यानं आपल्या बादलीत तो ओतून न्यायचा. डिंकानं चुना भिंत धरतो. पण या वेळी जयंती लांब होती, पातेलं चढलं नव्हतं, आणि डिंक आमच्या ध्यानातच आला नाही. दरवर्षी तो आयता यायचा ना! चुन्यात घालायची नीळ आणायलाही मला सवड नव्हती. शेठच्या कपड्यांना रंग देणाऱ्या माणसानं जीन्सच्या निळ्या रंगाची पुडी बांधून दिली. निळं ते निळं. नवऱ्यानं खाटेवर बसून बादली ढवळली, मी कुंचा फिरवला.

वाळल्यावर भिंत अशी उजळली की नवरा म्हणाला, "आता विकतेस कशाला? आपणच राहू."

आणि दुसऱ्याच दिवशी ही म्हातारी चामटोली गावाहून आली, दमली होती, ती टेकून बसली.

उबळ ओसरली. नवरा उशीला टेकला. दारातून मुलगा म्हणाला, "मी तुला सांगत होतो, आये. नवा रंग दिलाय म्हणजे खाली काहीतरी लपवलंय."

माझं डोकं फिरलं. "लपवायचं असतं तर टिकणारा रंग दिला असता," मी म्हटलं. "हा पाठीला लागतोय!"

मी फडकं भिजवलं आणि त्यांच्यासमोर भिंत पुसायला लागले. निळं पाणी फरशीवर वाहिलं. खालून चुलीची काजळी, खिळ्यांची भोकं, सगळं वर आलं.

"ही ओल. शेजारच्या मोरीची आहे, पावसात वाढते. त्या कोपऱ्यात पत्रा गळतो. नळ सकाळी येतो, उन्हाळ्यात रडत येतो. आणखी काय बघायचंय?"

खाटेवरून नवरा म्हणाला, "हिचं तोंड सोडून बाकी सगळं दुरुस्त होईल."

म्हातारी हसली. हसताना तिनं निळा हात तोंडावर धरला, मग ओठही निळे झाले. सून म्हणाली, "आत्या, लुगडं वाया गेलं ना तुमचं."

"आमच्या भिती शेनाच्या," म्हातारी म्हणाली. "त्या पन लुगड्याला लागतान. त्यानं मेली का मी?" मग माझ्याकडे वळली. "विकतेस कशाला गो?"

"ह्यांना एकटं टाकून जाता येत नाही म्हणून."

तिनं माझ्या नवऱ्याकडे बघून घेतलं, मग ओल बोटानं दाबून पाहिली. मुलाला इथल्या कारखान्यात काम लागलं होतं आणि त्यांची आधीही घरं बघून झाली होती. "घे रं," ती त्याला म्हणाली. "बाकीच्यांनी ओल दाखवली का तुला?"

मुलानं ओलीकडे बोट दाखवून भाव खाली ओढला. मी ओढू दिला. बदलापूरची खोली त्यात बसत होती.

ती माणसं गेल्यावर नवरा म्हणाला, "डिंक घालायला पाहिजे होता."

"मग बादली कोण ढवळत होतं?"

"मी फक्त ढवळत होतो. हुकूम तुझा."

महिना भरायच्या आत आम्ही हललो. लॉट निघाला, शेठनं नवी बाई बसवली. बदलापूरला पहिल्या दिवशी वरण चुलीवर ठेवून मी खोलीवर धावले, तर तो शेजाऱ्याशी गप्पा मारत ओट्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "परत आलीस? पोरींना करपलेलं घालशील."

उबळी तिथंही येत होत्या. कमी येत होत्या आणि मी पोचत होते.

घर विकायचा तो महिना आम्ही दोघांनी काढला. नवरा पुढं काही वर्षं जगला. मी अजून आहे.