नळीला गुंडाळलेला काळा कागद

माझ्या फजित्या मी हौसेनं सांगतो. लखनौच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीची आरती झाली की लोक फर्माईशच करतात — ते मिशी जाळून घेतल्याचं सांगा, ते साहेबांच्या स्कूटरचं सांगा. मी सांगतो, लोक हसतात, मीही हसतो. ही एक मात्र कधी बाहेर काढली नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, तर आधीच एक सांगून ठेवतो — यातली अर्धी गोष्ट हसण्यासारखी आहे आणि त्या अर्ध्या भागात मी जरा जास्तच रेंगाळेन. का, ते तुमच्या लक्षात येईलच.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. अकोल्याहून मी लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत दाखल झालो होतो. झाडपाल्यातून औषधी द्रव्यं वेगळी काढायची, हे आमचं काम. तिथे मराठी बोलणारे दोघंच — मी आणि सुनंदा मेश्राम. तिचे वडील भंडाऱ्याचे, टपाल खात्याच्या नोकरीपायी इकडे आलेले. ती इथेच, लखनौच्या तेलीबागेत वाढलेली. त्यामुळे तिची मराठी अर्धी भंडाऱ्याची, अर्धी हिंदी. मला ‘दादा’ म्हणायची. डबा आम्ही एकत्र खायचो. म्हणजे डबा तिचा असायचा आणि खायचो मी.

आमच्या विभागाच्या साहेबांनी आम्हा दोघांना एकाच कुळातल्या दोन झाडांवर लावलं होतं. दोन्हींतून द्रव्य एकच निघेल असा त्यांचा होरा. ज्याला ते आधी शुद्ध मिळेल त्याचा पेपर, आणि पर्मनंट जागेसाठी त्याचंच नाव — हे त्यांनी दोघांना समोर बसवून, चहा पाजून सांगितलं. सुनंदाची फेलोशिप संपत आली होती. तिला ती जागा माझ्याहून जास्त हवी होती, आणि हातही तिचाच जास्त चांगला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता एक रीत सांगतो, जी आमच्यापैकी कुणीच कबूल करणार नाही. परदेशी नियतकालिकाचा अंक तेव्हा बोटीनं यायचा, कित्येक महिने उशिरा, आणि अख्ख्या शहरात त्याची एकच प्रत. रुपया घसरल्यावर तर निम्मी नियतकालिकं बंदच झाली. अंक वाचनालयाबाहेर न्यायला मनाई. मग माणूस काय करतो? आपल्या कामाचा अंक दिसला की भलत्याच कपाटात सरकवून ठेवतो — आपलं वाचून होईपर्यंत. रसायनवाले कीटकशास्त्रात लपवायचे, कीटकवाले हिशेबाच्या पुस्तकांत.

एका शुक्रवारी मला नव्या अंकांच्या मांडणीवर तो पेपर दिसला. जपानचा. आमचंच द्रव्य, आमच्याच झाडाच्या कुठल्याशा लांबच्या बहिणीतून काढलेलं. झेरॉक्सचं मशीन नेमकं बंद. मी इकडेतिकडे पाहिलं आणि तो अंक रशियन खंडांच्या मागे सरकवला. लाल कापडात बांधलेले ते खंड भेट म्हणून यायचे, आणि आमच्याकडे रशियन एकालाही येत नव्हतं. इतकी सुरक्षित जागा लखनौत दुसरी नसेल, असं वाटून मी स्वतःवर खूश झालो. सोमवारपर्यंतचाच तर प्रश्न होता.

सोमवारी कपाटच नव्हतं.

खंड पाठवणारा देशच राहिला नव्हता, आणि वाचनालयाला कॉम्प्युटरच्या टेबलासाठी जागा हवी होती. शनिवारी सगळी रशियन विद्या रद्दीत गेली. तिच्यासोबत जपानही. फरशीवर कपाटाच्या पायांचे चौकोन तेवढे उरले होते, आणि मी त्यांच्याकडे बघत उभा.

हसा, हसा. मला स्वतःलाही हसू येतं — अजून.

दोन दिवसांनी सुनंदा आली. जगभरच्या नियतकालिकांच्या नुसत्या अनुक्रमणिका छापणारं एक पुस्तक यायचं, त्यात तिनं पेपरचं नाव वाचलं होतं. “दादा, अंक आलाय म्हणतात, पण मिळूनच नाही राहिला. कुणीतरी दाबून ठेवला असेल, नालायक.” मी म्हणालो, चल, शोधू. आणि शोधला — मी, गुडघ्यांवर बसून, खालच्या फळ्यांपासून, कपाटामागून कपाट. धुळीनं मला असा खोकला लागला की तिच्या आईनं थर्मासमधून आल्याचा काढा पाठवला. तो मी प्यालो. गरम होता, गूळ जरा जास्त होता.

इथपर्यंत ठीक आहे, नाही का? थोडी लबाडी, बराच मूर्खपणा. इथे थांबलो तर ही गोष्ट गणपतीतही सांगता येईल. एकदा तर ओठांवर आलीही होती. पण — इथे ती संपत नाही.

अंक मिळेना तर मूळ लेखकालाच कार्ड पाठवायची पद्धत होती: ‘आपल्या पेपरची प्रत कृपया पाठवावी.’ सुनंदा लिहायला बसली, तेव्हा मी म्हणालो, माझ्याकडे छापील कार्डं आहेत, मीच टाकतो. टाकलंही, खरोखर. आणि जपानहून प्रत आली. कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं, लखनौत कुणी आपलं काम वाचतंय याचा आनंद वाटला. ओळख ना पाळख, आणि त्या माणसानं स्वतःच्या पैशाचं तिकीट लावून ती समुद्रापार पाठवली. मी ती उभ्याउभ्याच वाचली.

सगळं गुपित एका वाक्यात होतं. हे द्रव्य उजेडात फुटतं, म्हणजे त्याचं भलतंच काही होऊन बसतं. पाल्याचा अर्क ज्या काचेच्या नळीतून सोडून ते वेगळं करता, तिला काळा कागद गुंडाळा. बस्स, एवढंच.

सुनंदाचं टेबल खिडकीपाशी होतं. छान उजेड येतो म्हणून भांडून घेतलेलं. तिथे ती रोज नळी भरायची, आणि रोज द्रव्य तिच्या डोळ्यांदेखत पिवळं पडून फुटायचं. पाला बदलला, पाणी बदललं, स्वतःच्या हातावर शंका घेतली. “फिर से वही, दादा,” म्हणायची आणि नळी धुवायला घ्यायची.

प्रत माझ्या खणात होती. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या देऊ. तिनं विचारलं, तर म्हणालो, जपानहून अजून काही आलं नाही. मग — हे कसं सांगू? — मला कुतूहल वाटायला लागलं. हिला आपणहून सुचेल का? पडदा ओढावासा वाटेल का? प्रयोगवाल्यांना हात न लावता बघत राहायची सवय असते. तशी मी तिला बघत राहिलो. आणि वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत, माझ्या नळीला काळा कागद गुंडाळलेला होता. त्यालाही कुतूहलच म्हणायचं का? शब्द बघा मी कसा जपून वापरतोय.

मला द्रव्य मिळालं. साहेब तिला म्हणाले, “छोड़ दीजिए, यह पौधा आपके बस का नहीं।” फेलोशिप संपली, पीएच. डी. अर्धीच राहिली. तेलीबागेतल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायला लागली. जागा मला मिळाली. तिनं पेढे आणले होते.

माझ्या पेपरात जपानी पेपरचा उल्लेख करणं भागच होतं — शेवटच्या संदर्भांच्या यादीत, सगळ्यांना दिसेल असा. पण सगळे म्हणजे कोण? शाळेतल्या बाईंना आमच्या वाचनालयात प्रवेश नव्हता. ते कुलूप होतं म्हणून मी निर्धास्त होतो.

त्याच दशकाच्या शेवटाला, कॉम्प्युटरवर पेपर फुकट टाकायच्या गोष्टी सुरू झाल्या. विज्ञान दिनाला बाहेरच्यांसाठी प्रयोगशाळेची दारं उघडली होती, आणि मी भाषण केलं: संशोधन सगळ्यांचं आहे, ते वाचनालयाच्या पाससाठी अडता कामा नये, शाळेतल्या शिक्षकालाही वाचता आलं पाहिजे. चांगलं झालं भाषण. मला ते पटतही होतं, खरंच. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुनंदा होती, शाळेची मुलं घेऊन आलेली.

नंतर ती माझ्यापाशी आली. “दादा, अच्छा बोललात. तुमचा तो पेपर द्या ना मला वाचायला. आता काही करायचं नाही त्याचं. पण शेवटी जमलं कसं, ते डोक्यातून जातच नाही.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशय नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

“प्रती संपल्या गं सगळ्या,” मी म्हणालो.

“असू द्या,” ती म्हणाली, आणि मुलांना घेऊन प्रदर्शनातल्या पुढच्या टेबलाकडे गेली.

मी माझ्या खोलीत गेलो. छापखान्यातून आलेला प्रतींचा गठ्ठा कपाटावर होता. त्याची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. इतक्या वर्षांत तो पेपर मागणारी ती एकटीच.