बारा पंचम, बारा दिवस

शुद्ध पंचमाच्या गुणोत्तराने क्षयाचा ताप उतरतो काय, हा प्रश्न मी तपासायला घेतला होता. उत्तर लपवून ठेवण्याजोगे नाही: उतरत नाही. एवढे कळण्यासाठी मी पत्नीच्या आजारातले बारा दिवस खर्च केले.

नागपूरच्या डॉक्टरांनी विमलचा एक्स-रे खिडकीसमोर धरून उजव्या फुप्फुसावरची सावली दाखवली. स्प्युटम, म्हणजे खोकल्यातून पडणारा बेडका, त्यातही क्षयाचे जंतू सापडले होते. ते म्हणाले, "स्ट्रेप्टोमायसिन उद्याच सुरू करा." हे जंतूंना रोखणारे औषध, सुईने, रोज, कित्येक महिने.

त्याच महिन्यात, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचे सौंसर मध्यप्रदेशात राहिले. परराज्यातल्या दवाखान्यात आता आपल्याला कोण विचारणार, असे शहाणे लोक चौकात सांगू लागले. बस तीच होती, रस्ताही तोच. शहाण्यांनी चौकशी मात्र केली नव्हती.

त्यांनीच लोधीखेड्याचे एक गृहस्थ आमच्या घरी आणले. नादवैद्य ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. विमलच्या तानपुऱ्याची तार तीन समान भागांत मोजून त्यांतले दोन भाग छेडले की पंचम मिळतो, म्हणजे षड्जाच्या दीडपट कंपने, हे त्यांनी अचूक सांगितले. त्या अचूक वाक्यानेच माझा घात केला. मी गणिताचा शिक्षक. अपूर्णांक बरोबर मांडणारा माणूस खोटे बोलणार नाही, असे मला वाटले. या जातीच्या मूर्खपणासाठी आधी अपूर्णांक यावे लागतात.

त्यांचा सिद्धांत असा: पंचमाचा पंचम, त्याचाही पंचम, असे रोज एक पाऊल चढावे. बाराव्या दिवशी सूर मूळ षड्जावर येतो आणि देहही मूळ स्थितीवर येतो. तोवर सुई टोचू नये, कंपने विस्कटतात.

मी रोज चार वाजता थर्मामीटरचा आकडा लिहीत होतो. तो चढत होता. बाराव्या दिवशी मी पाटी घेतली आणि जे पहिल्याच दिवशी करायचे ते केले. एकाला दीडने बारा वेळा गुणले: जवळजवळ पावणेएकशे तीस. षड्ज दर सप्तकाला दुप्पट होतो, म्हणून एकाची सात वेळा दुप्पट केली: एकशे अठ्ठावीस. सूर मूळ षड्जावर येतच नव्हता.

नादवैद्य आले तेव्हा पाटी त्यांच्यापुढे ठेवली.

"गुर्जी, एवढासा फरक तं चालते जी. देव सांभाळून घेते."

"माझ्या वर्गात देव वजाबाकी करत नाही," मी म्हणालो.

खाटेवरून विमल बोलली, "तुमी दोघं गणित करून राहिले, अन् मी खोकून राहिली. कोनाचं उत्तर बरोबर आलं म्हंजे मले नागपूरले नेसान?"

दुसऱ्या सकाळच्या बसने गेलो. नव्या एक्स-रेत डाव्या फुप्फुसावरही सावली होती. उशिराने किती नुकसान झाले, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "ते कोणी मोजू शकत नाही. तुम्ही शिक्षक आहात ना?" मी होय म्हणालो. त्यांनी सुयांची चिठ्ठी लिहायला घेतली.

पुढचे महिने सुयांचे गेले. ताप गेला, स्प्युटम स्वच्छ आला, ती वाचली. पूर्वी भजनाची जी ओळ ती एका दमात म्हणे, तिला आता दोन दम लागतात.

ती बरी होत असताना तिच्या संमतीने मी नाडी मोजली. एक दिवस पाव तास शुद्ध पंचम, एक दिवस मुद्दाम उतरवलेला पंचम, एक दिवस नुसते स्वस्थ पडणे. तिन्ही वेळा नाडी सारखीच मंदावली. उतरलेल्या पंचमाचा तिला राग आला; नाडीला आला नाही. तानपुरा ऐकून तिला बरे वाटते, हे खरे आहे, आणि त्यासाठी तो रोज वाजावा. बरी ती औषधाने झाली.

नादवैद्य आता पांढुर्ण्यात संधिवात बरा करतात, असे ऐकतो. बोलावणारे सुशिक्षितच आहेत.

तुमच्या घरी असा कोणी आला, तर त्याला बसवून ठेवा आणि आधी औषध सुरू करा. मग घड्याळ घेऊन नाडी मोजा: सुरात, बेसुरात आणि शांततेत. माझ्या शब्दावर विसंबू नका. स्वतः मोजून पाहा.