दोन माणसांची गोधडी

थंडीचा जोर ओसरला, की तपासनीसबाईंच्या धाकट्या भावाला दरवर्षी कंठ फुटायचा.

"ताई, बाहेर ये! जर्दाळूला कळ्या आल्यात!"

"मग? भोपळे यायला हवे होते का?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून उत्तर यायचं.

भावाचं वय साठीच्या पुढचं, पण घरात तो अजून बाळ्याच होता. मागच्या बागेत, भिंतीला टेकवलेल्या बाकावर त्याचा मुक्काम असे. मांडीवर गोधडीचे तुकडे, तुकड्यांवर एक मांजर, पायाशी आणखी दोन. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात दोरा आणि चेहऱ्यावर असा भाव, की हे ऊन खास त्याच्यासाठी मागवलंय. तपासनीसबाईंना तो भाव बघवत नसे. साठ वर्षांच्या माणसाने ऊन पडलं म्हणून इतकं हरखून जावं? ऊन पडणारच. नाही पडलं तर सांगायला ये.

बाईंची उभी हयात रेल्वेगाड्यांत तिकिटं तपासण्यात गेली होती, आणि त्या नोकरीने त्यांना माणसांबद्दल जे शिकवलं त्यात कौतुक करण्यासारखं फारसं नव्हतं. त्यांना बघताच झोपेचं सोंग घेणारे, सगळे खिसे चाचपून कपाळाला हात लावणारे, ऐनवेळी छातीत कळ आणणारे. एकदा एका सभ्य गृहस्थाने तर शेजारच्या अनोळखी बाईला "आमची तिकिटं तुझ्याकडे आहेत ना गं?" असं विचारून तिला रडवलं होतं. तेव्हापासून सभ्य माणूस दिसला, की बाईंच्या भुवया आधीच वर जात. निवृत्त झाल्यावर गणवेश गेला, भुवया तशाच राहिल्या. गल्लीत सगळे त्यांना तपासनीसबाईच म्हणत, आणि त्या दिसल्या की उगाचच खिशाला हात लावत.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा बाळ्या शाळेत होता आणि बाई नुकत्या नोकरीला लागलेल्या. त्या काळात तिकीटखिडकीवरच्या एका कारकुनाने विचारलं होतं. माणूस बरा होता. पण लग्न ठरवायला आला तेव्हा म्हणाला, "भावाला वसतिगृहात ठेवू." बाई म्हणाल्या, "त्यापेक्षा तुम्हीच जा. जेवण बरं असतं म्हणे." तो विषय तिथेच मिटला. बाळ्याला त्यांनी वाढवलं, म्हणजे रागावून रागावून मोठं केलं. त्याला घड्याळं दुरुस्त करायची कला शिकायला पाठवलं, दुकान घालून दिलं, लग्न लावून दिलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पुढे लोक मनगटाकडे बघायचे सोडून मोबाइलकडे बघायला लागले आणि दुकानही बसलं. मग तो एक पेटी घेऊन ताईकडे राहायला आला. पेटीच्या मागोमाग एक मांजर आलं.

"हे कोण?"

"माझ्याबरोबर आहे."

पुढच्या महिन्यात आणखी दोन त्याच्याबरोबर निघाली. बाईंनी त्यांना वेगवेगळी नावं दिली नाहीत. तिघांनाही त्या 'फुकटे' म्हणत. फुकटे वाफ्यात खड्डे करत, नुकत्या रुजलेल्या पालकावर लोळत आणि बाई खुरपं उगारून आल्या, की त्यांच्याचकडे बघत जांभया देत. बाग बाईंची होती. मटारच्या वेलांना काटक्या लावणं, गुलाबांची छाटणी, लसणीच्या पातीतलं गवत काढणं, सगळं त्याच करत. बाळ्या काय करायचा? आनंद घ्यायचा!

आणि या हिवाळ्यात त्याला गोधडीचं वेड लागलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत कुणीतरी बाई वर्ग घेत होती. त्या वर्गात बाळ्या एकटा पुरुष. तपासनीसबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "चांगल्या कापडाचे आधी तुकडे करायचे, मग ते तुकडे परत जोडत बसायचं. बाजारात अखंड कापड मिळायचं बंद झालंय का?"

"मजा येते, ताई."

"मजा!" बाईंनी तो शब्द असा उच्चारला, की मांजरसुद्धा बाकाखाली गेलं.

एका सकाळी बागेत छान ऊन आलं होतं. जर्दाळू फुलायच्या बेतात होता आणि बाई मटारला दोरी बांधत होत्या. बाळ्याने हाक मारली, "ताई, जरा हे टोक धरतेस? कड सरळ आलीय का बघायचंय."

कुरकुरत त्यांनी टोक धरलं. बाळ्या मागे सरकू लागला. सरकत सरकत वाफा ओलांडला, गुलाबांपर्यंत गेला, तरी गोधडी संपेना. निळ्या-राखाडी तुकड्यांची ती लांबरुंद गोधडी बागभर ताणली गेली. बाईंच्या भुवया वर गेल्या.

"तुझा पलंग केवढा आहे रे, बाळ्या?"

"आहे की... नेहमीसारखा."

"एका माणसाचा आहे. ही गोधडी किती माणसांची आहे?"

बाळ्या खिसे चाचपायला लागला. आयुष्यभर बाईंनी ती हालचाल पाहिली होती.

"कोण आहे?"

"वर्ग घेतात ना... त्या."

बाईंनी हातातलं टोक सोडून दिलं. गोधडी मटारवर पडली आणि एक फुकटा लगेच तिच्यावर जाऊन बसला. धावत्या गाडीत संडासात लपलेला माणूस वासावरून ओळखणाऱ्या बाईंच्या नाकाखाली, त्यांच्याच बागेत, हा माणूस अख्खा हिवाळा बसून स्वतःच्या लग्नाची गोधडी शिवत होता! आणि आपण त्याला चहा नेऊन देत होतो!

"या वयात?" त्या म्हणाल्या.

"या वयात म्हणजे काय, ताई? थंडी सगळ्याच वयात वाजते."

"मग दोन गोधड्या घे एकावर एक!"

त्या आठवड्यात बाई त्याच्याशी फक्त मांजरांमार्फत बोलल्या. "तुमच्या मालकाला सांगा, जेवण वाढलंय." शेवटी स्वतःच म्हणाल्या, "आण तिला. बघू तरी काय चीज आहे."

क्लासवाली रविवारी आली. बाईंनी मनात एक चित्र तयार ठेवलं होतं. गोड बोलणारी, रंगीत माळा घातलेली, फुलं बघून गालाला हात लावणारी कुणीतरी. भाबड्या विधुराला कशी गुंडाळायची ते बरोबर माहीत असलेली. प्रत्यक्षात दारात उभी राहिली एक उंच, हाडकुळी बाई, पुरुषी बूट घातलेली. तिने बागेवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "गुलाब फार उशिरा छाटलेत."

तपासनीसबाईंना आत कुठेतरी चटका बसला, कारण ते खरं होतं.

चहा झाला. बाळ्याने मोठ्या हौसेने गोधडी आणून तिच्यासमोर पसरली. क्लासवालीने चष्मा लावला, कड उचलली, उलटी करून पाहिली.

"हे टाके आहेत की मुंग्यांची रांग चुकलीये? दहा वेळा सांगितलं, घाई करू नका. घड्याळं अशीच दुरुस्त करत होतात का? म्हणूनच दुकान बसलं."

बाळ्या हसत होता. पण तपासनीसबाईंचा कप बशीवर आदळला.

"हे बघा बाई," त्या म्हणाल्या, "त्याच्या हातची घड्याळं वर्षानुवर्षं चालतायत. त्याला नावं ठेवायचीत ना, त्यासाठी मी आहे घरात. बाहेरून माणूस आणायची गरज नाही."

मग बाळ्या इतका मोठ्याने हसला की चष्मा खाली पडला.

"अगं ताई, म्हणून तर! गोड बोलणारीबरोबर मला एक दिवस तरी काढता येईल का? मला सवय तुझी!"

क्लासवालीही हसली, पण थोडंसंच, न सांडता. बाई हसल्या नाहीत. त्या उठून नळाशी गेल्या आणि धुतलेलाच कप परत धुवत राहिल्या. इतकी वर्षं आपण याला शिस्त लावतोय, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि त्याने ती शिस्त मायेसारखी पांघरून घेतली होती! गाढव! आपला राग इतका वाया जावा, याचा त्यांना भयंकर अपमान वाटला. डोळ्यांत पाणी आलं तेही त्या अपमानानेच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

लग्न सरकारी कचेरीत झालं, सह्या करून. बाळ्या तिच्या घरी गेला, तिसऱ्या मजल्यावर. मांजरं गेली नाहीत. "दोऱ्यांच्या घरात मांजर नको," क्लासवालीने एका वाक्यात निकाल दिला आणि तपासनीसबाईंना पुन्हा एकदा तिच्यात खोट काढता आली नाही. तिन्ही फुकटे बाकावर बसून दाराकडे बघत राहिले. "बघा, बघा," बाई त्यांना म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा गोधडी बरी निघाली."

जर्दाळू पुरा फुलला. घरात तो फुलल्याची वर्दी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून बाईंना दिवसातून दोनदा स्वतःच जाऊन बघावं लागलं. काय त्यात एवढं असतं, असं म्हणत त्या बराच वेळ उभ्या राहत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "एकट्या पडलात हो." बाई म्हणाल्या, "तुम्ही बोलायला आलात की मी एकटी नसते, तेवढाच त्रास."

मग एका सकाळी मागचं दार वाजलं. क्लासवाली एकटीच उभी होती, काखेत भलंमोठं गाठोडं.

"माझ्याकडे ऊन येत नाही," ती म्हणाली. "आणि तो सारखा बोलतो."

"काय बोलतो?"

"समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी रोप फुललंय. सकाळपासून तेच चाललंय. मी म्हटलं, फुलणार नाही तर काय करेल?"

तपासनीसबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बाकावरची मांजरं हुसकावली आणि तिच्यासाठी जागा ठेवून एका टोकाला बसल्या. क्लासवालीने गाठोडं उघडलं, तपासनीसबाई मटार सोलू लागल्या. दोघींनी मिळून त्याची चालण्याची पद्धत, त्याचं घोरणं, चहा भुरकणं आणि त्याचा तो उन्हातला चेहरा, सगळं सावकाश निकालात काढलं. एका मुद्द्यावरही मतभेद झाला नाही. ऊन भिंतीआड गेलं तेव्हा क्लासवाली तुकडे आवरून उठली.

"उद्या जरा लवकर या," तपासनीसबाई म्हणाल्या. "ऊन जास्त वेळ मिळेल. आणि त्याला आणू नका."

"त्याला कोण आणतंय!" क्लासवाली म्हणाली.