व्याह्यांकडची वैरण

धायरीत आमचा म्हशींचा गोठा आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना सोसायट्या. त्यांना दूध दारात हवं, म्हैस मात्र नजरेआड. तरी एका बाबतीत त्यांचं खरं होतं. गोठा धुतलेलं शेणपाणी आम्ही सरळ ओढ्यात सोडत होतो. तक्रारी वाढल्या तसे सासरे म्हणाले, "विकून टाकू म्हशी. रोजची कटकट नको." मला म्हशी विकायच्या नव्हत्या. पहाटे म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून मी धार काढते, दिवसभरात तेवढाच वेळ माझा स्वतःचा असतो.

खरं तर उपाय सोपा होता. शेणपाणी गोबरगॅसच्या टाकीत घ्यायचं आणि टाकीतून निघणारी स्लरी, म्हणजे पातळ शेणखत, गोठ्यामागच्या गवताला सोडायची. जनावरांचे डॉक्टर चित्रं दाखवून गेले. नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ लावले. सासऱ्यांनी स्लरीचं सॅलरी केलं आणि विचारलं, "म्हशींना पगार कशापायी?" ऐकू त्यांना उत्तम येतं.

पण मी माणूस ओळखून होते. माझं माहेर लोणी काळभोरचं, वडिलांच्या गोठ्यावर अशी टाकी कधीपासूनची. सासरे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, पण व्याह्यांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, कमीपणा त्यांना अजिबात खपत नाही. "बाबांनी जेवायला बोलावलंय," असं सांगून मी त्यांना घेऊन गेले. टाकीबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवण झाल्यावर वडिलांनी त्यांना टाकीच्या स्लरीवर वाढलेलं रानातलं गवत दाखवलं, माणूस हरवेल इतकं उंच, हिरवंगार. वर म्हणाले, "पाव्हणं, घेऊन जावा की चार भारे. तुमच्याकडं विकतचं आणत्यात म्हणं."

व्याह्यांकडची वैरण आमच्या दावणीला! परतताना हडपसर येताच सासरे म्हणाले, "आपली टाकी त्यांच्यापरीस मोठी पायजे."

तशी बांधली. ओढ्यात जाणारं शेणपाणी बंद झालं, तक्रारी थांबल्या आणि म्हशी विकायचा विषयही. वडील टाकी बघायला आले, तेव्हा ते बसायच्या आतच सासऱ्यांनी सुनावलं, "ही आमच्या सुनेची अक्कल हाय. तुमच्याकडनं काय बी घेतलं न्हाय."

"अक्कल तर आमच्याच घरची की," वडील हसले.

"आसंल. पर गोठा तिच्या हवाली केलाय म्या."

मी चहा घेऊन दारातच थांबले. ही बातमी मला तोवर कुणी दिली नव्हती.