सोजराबाईंचे मावंदे

कुरुळीच्या सोजराबाई निवर्तल्या त्यास आता दोन वर्षे होत आली. ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले, आणि त्यातील अखेरची तीस वर्षे वैधव्याची नि प्रवासाची होती. यजमान आबाजी गेले तेव्हा शेतीचा मोठा भाग कारखान्यांकडे गेलेला होता. उरलेल्या तुकड्यावर बाईंनी दहा खोल्या बांधल्या आणि चाकणला कामास येणाऱ्या परप्रांतीय कामगारांना भाड्याने दिल्या. खोली देण्यापूर्वी त्या प्रत्येकास एक प्रश्न हमखास विचारीत, तोही स्वतःच्या हिंदीत : "तुमरे गाव को नदी कौनसी?"

मिळालेले उत्तर त्या मनात जपून ठेवीत, आणि वर्ष-दोन वर्षांत त्या नदीवर जाऊन येत. एकट्याच जात. उतरत त्या त्या कामगाराच्या आईच्या घरी. महानदीकाठच्या एका घरात त्या आठ दिवस राहिल्या; भाषा एकमेकींची कळत नव्हती, म्हणून चुलीपुढे बसून त्यांनी भाकरी थापून दाखवली आणि त्या घरच्या बाईने पाण्यात मुरवलेला पखाल भात कसा करतात ते दाखवले. अक्षरओळख जेमतेम होती. फलाटांचे आकडे तेवढे वाचता येत, आणि बाईंच्या मते तेवढ्यावर देशभर फिरता येते.

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, उतार. देवालये तेथे मागाहून उभी राहिली. सोजराबाईंना ही व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. वर्तन मात्र मूळ अर्थाला धरून होते.

प्रत्येक नदीचे पाणी त्या तांब्याच्या लहानशा गडूत भरून, तोंड कथलाने झाळून बंद करून आणीत. पहिला गडू काशीचा. यात्रेहून परतल्यावर भावकीला जेवू घालायचे, गडूची पूजा करायची आणि यात्रेकरूने स्वहस्ते त्याचे तोंड फोडायचे, या विधीला मावंदे म्हणतात. ते होईतो यात्रा पुरी झाली असे धरीत नाहीत. काशीचे मावंदे घराच्या बांधकामामुळे राहिले, पुढे नात मोनिका जन्मली म्हणून राहिले, आणि नंतर राहण्याचीच सवय झाली. कोणी आठवण केली की बाई म्हणत, "पुढल्या खेपेला घालू. समद्या नद्यांचं एकदम."

असे अकरा गडू जमले. शहात्तराव्या वर्षी त्या न्हाणीत घसरून पडल्या व मनगट मोडले. त्याच सुमारास आसामच्या एका भाडेकरूच्या आईचा निरोप आला होता : संक्रांतीच्या दिवसांत आमच्याकडे बिहूचा सण असतो, लोहित नदी पाहायला या. मोनिकाने, जी चाकणच्या एका कंपनीत नोकरीस होती, आजीचे तिकीटही काढून ठेवले होते. हे समजल्यावर मुलगा रोहिदास आईपुढे येऊन बसला.

"आई, येत्या मार्गशीर्षात मावंदं घालू. अकरा नद्या झाल्या. बास झालं आता."

"म्हंजी मला दावणीला बांधतूस व्हय?"

"बांधतंय कोन? यात्रा पुरी झाली का मानूस घरी बसतं. आपल्यात रीतच हाय ती."

सून जयमाला आतून म्हणाली, "बसवा घरी. तुमी जाल बाहेर. दिवसभर माझ्याच गॅसकडं बघत बसतील, बारीक केला का न्हाई म्हनून."

रीत मोडणाऱ्यांपैकी सोजराबाई नव्हत्या. मावंदे लांबवता येते. झालेले मावंदे न झाल्यासारखे वागता येत नाही, हे त्या जाणत होत्या. लोहित पाहणे राहून जाईल एवढेच त्यांना दिसत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घाला." मोनिकाने हळूच विचारले, "आजी, तिकीट रद्द करू?"

"ऱ्हाऊ दे."

मावंद्याला सारी भावकी लोटली. बाईंचे पाय धुतले गेले, बायका पाया पडल्या. मनगट अजून पुरते वळत नव्हते, तरी अकराही गडू त्यांनी स्वतः फोडले. एक गडू कोरडा निघाला. झाळ कोठेतरी सुटली असावी. पुरोहित गुरुजी थबकले, तेव्हा बाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात आनलीवती ती नर्मदा. आटली आसंल."

पूजा संपली. गुरुजी म्हणाले, "यात्रा सुफल झाली. आता कसलाही शेष उरला नाही." रोहिदासाच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. लाडवांची परात घेऊन तो वाढायला निघाला होता, इतक्यात सोजराबाईंनी गुरुजींना नमस्कार करून विचारले,

"गुरुजी, जुनी पुरी झाली. मंग नवी धराया मी मोकळी न्हवं?"

गुरुजींनी एकवार रोहिदासाकडे पाहिले. परंतु प्रश्न शास्त्राचा होता. "मोकळ्या आहात," ते म्हणाले. "जुनी अपुरी असताना पुढची धरीत होता, दोष काय तो तिथे होता. तोही आज गेला."

रोहिदास परात घेऊन उभाच राहिला. यजमान तो, पंगत त्याची, भावकी बसलेली. त्यांच्यापुढे शास्त्र मोडता येईना. पंगतीतून शेजारच्या गोजाबाई ओरडल्या, "आरं रोहिदास, लाडू वाढ की! का बुंदी मोजीत बसलाय? आन् सोजरावैनी, माझं बी तिकीट काढाया सांगा पोरीला. आमच्या म्हाताऱ्याला इचारत न्हाई मी."

पौषात दोघी निघाल्या. पुणे स्थानकावर सोडायला रोहिदास स्वतः गेला, बाकाखाली पिशव्या नीट लावल्या, प्लास्टर काढलेल्या हाताला तेल लावायचे गोजाबाईंना दोनदा बजावले. परतताना कुरुळीच्या फाट्यावर कोणीतरी विचारले, "म्हातारी गेली म्हनं आसामला? कधी येनार?"

"येईल तवा येईल," रोहिदास म्हणाला. "आली का मावंदं घालनार हाय. आवंदा लगोलग घालनार. तुमी या जेवायला."