सुलभाताईंची बिनएसीची खोली

दुबईच्या ऐन उन्हाळ्यात एसी बंद ठेवून बसणारी बाई मी एकच पाहिली. अल मनखूलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सुलभाताई. त्यांचे यजमान वसंतराव. उम्म अल कुवैनला त्यांची लाकडाची वखार होती. तिथे ऑस्ट्रेलियातून जारा नावाचं लालसर, जड लाकूड येई. त्यातले उरलेले ओंडके मागच्या खोलीत आणून ताई त्यांतून माणसं कोरत. खाडीत अब्रा नावाची होडी चालवणारा अब्रावाला, मासळीवाली, मंदिराच्या गल्लीतला हारवाला. लाकूड असं कठीण, की पटाशीची धार बघता बघता बोथट व्हायची.

एकदा कुणा पाहुणीने कनवाळूपणे त्या खोलीतला एसी लावून ठेवला. सकाळी मासळीवालीला कपाळापासून कमरेपर्यंत तडा. कोरड्या गार हवेने हे लाकूड उलतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. ताई एवढंच म्हणाल्या, "लांबून आलेलं लाकूड आहे गं. घाम आपण गाळायचा, त्याला जपायचं."

मग त्यांनी वसंतरावांनाच कोरायला घेतलं. गृहस्थ अंगाने भरलेले, उकाडा मुळीच न सोसणारे. गळ्यात टॉवेल टाकून खुर्चीत बसत. मी चहाला गेले, की यांचं सुरूच.

"सुलभा, दहा मिनिटं एसी लाव. प्लीज, हबीबी!"

"लाकूड तडकेल."

"आणि मी वितळलो तर?"

"पुसून घेईन. यल्ला, बसा सरळ."

मला हसू येई आणि ताईंचा थोडा रागही येई.

त्याच उन्हाळ्यात वसंतराव वखारीतच हार्ट अटॅकने गेले. पुतळ्याचा चेहरा व्हायचा होता. ताईंचा व्हिसा नवऱ्याच्या नावावरचा, त्यामुळे पुण्याला परतणं आलंच. मिळालेल्या मुदतीत त्यांनी आठवणीतून चेहरा पुरा केला. कपाळावरची ती त्रासिक आठीसुद्धा हुबेहूब आली. "आता एवढा धड पोचला की झालं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

निघायच्या आदल्या दिवशी मी आवराआवरीला गेले. मागची खोली गारठली होती. पुतळा एसीच्या झोताखाली होता आणि ताई शेजारी शाल पांघरून बसल्या होत्या.

"ताई, तडकेल तो!" मी एसी बंद करायला धावले.

त्यांनी माझा हात धरला. "तडकू दे. नुसती दहा मिनिटं मागायचे गं. मी कधी दिली नाहीत."

पुतळा आता पुण्याला त्यांच्या बैठकीत आहे. छातीवर उभा तडा आहे. ताईंनी तो बुजवलेला नाही.