नेल्सीबाईंचा नारळाचा भात

आमच्या जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर नेल्सीबाई राहतात. वय बहात्तर, तीस वर्षं कँटीनमध्ये भांडी घासून रिटायर झालेल्या, आणि जिन्यात भेटल्या की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. माहेर कोलंबियातलं कार्ताहेना, कॅरिबियन समुद्रावरचं बंदर. ऐकून ऐकून ते शहर मला पाठ झालंय. तटबंदीच्या आत रंगीत घरं, लाकडी गॅलऱ्यांवरून लोंबणारी बोगनवेल, डोक्यावर फळांची घमेली घेऊन हाळ्या देणाऱ्या बायका, अंग चिकचिकवणारा उकाडा. रविवारी कपाटाएवढे स्पीकर रस्त्यात मांडून अख्खी गल्ली नाचते म्हणे. "आणि इथे? रविवारी खिळा ठोकला तरी तक्रारीचं पत्र!"

करोनात नेल्सीबाईंना वास येणं बंद झालं, ते परत आलंच नाही. तेव्हापासून त्यांनी आपला नारळाचा भात करणं सोडलं. त्यासाठी नारळाचं दूध आटवून तपकिरी करायचं, आणि ते झालं की नाही हे फक्त नाकाला कळतं. "घड्याळ लाव की," असं मी एकदा म्हटलं, तर असं बघितलं त्यांनी माझ्याकडे!

या मार्चमध्ये मात्र त्या हट्टाला पेटल्या. नात लीना वर्षभरासाठी कार्ताहेनाला, नेल्सीबाईंच्या बहिणीकडे निघाली होती. पोरगी जर्मनीत वाढलेली, तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही; आजीचा भात अगदी लहानपणी खाल्लेला, त्याचा वासही विसरलेली.

"जाण्याआधी तिने हा भात खायलाच हवा," नेल्सीबाई म्हणाल्या. "त्या घरात शिरल्यावर वास तरी ओळखीचा वाटेल. परकी वाटू नये गं पोरीला."

पण नाक कुठून आणायचं? माझ्या सासूबाई, सरला, तेव्हा गुहागरहून आल्या होत्या. जन्म नारळात गेलेला. "मी आहे की!" म्हणत पदर खोचून तयार.

विकत आणलेल्या चार नारळांतले दोनच धड निघाले, तेवढ्यावरच सगळं. एक मराठीत बोलत होती, दुसरी स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. सासूबाईंनी बरोब्बर वेळेला हात वर केला. तांदूळ पडले, गूळ पडला. नेल्सीबाई ताटं काढायला वळल्या आणि सासूबाईंनी माझ्या डब्यातली वेलची कुटून पातेल्यात टाकली!

"आई! अहो, हे काय केलंत?"

"अगं बाई! नारळ-गूळ दिसला आणि हात गेला गं..."

नेल्सीबाईंना गोड-खारट तेवढं कळतं. घास घेऊन त्या ओरडल्या, "गेनाऊ! बरोबर हाच! अगदी आईसारखा!" सासूबाईंनी वेलचीचा डबा हळूच मागे सरकवला. लीनाने दोनदा वाढून घेतला आणि संध्याकाळी विमानाला गेली. चुकीचा वास घेऊन पोरगी तिकडे गेली, हे मला आठवडाभर खात होतं.

दहाव्या दिवशी नेल्सीबाई दारात.

"लीनाचा फोन आला होता. म्हणते, मावशीआजीच्या भाताला तुझ्या घराचा वास नाही. फोनवर रडली गं माझ्या आठवणीने. खरं सांग, काय घातलं होतंत?"

सासूबाईंनी कान धरले आणि वेलची पुढे केली. नेल्सीबाईंनी ती नाकाशी नेली. दोनदा हुंगून पाहिली. मला वाटलं, आता संपलं सगळं.

"माझ्या घराचा वास नातीला माहीत आहे आणि मलाच नाही," त्या म्हणाल्या. "सांगा ना, कसा असतो?"

मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी डोळे पुसले.

"तिला म्हणावं, सणाच्या दिवशी बाहेरून घरात आल्यावर येतो तसा."

मी जर्मनमध्ये सांगितलं. नेल्सीबाईंनी मान हलवली.

"जा, मग आजपासून माझ्या भाताचा वास तोच," त्या म्हणाल्या, आणि वेलची मुठीत धरून खाली गेल्या.